मामाच्या मापाची नळी

दुसऱ्याच्या मापाचा सदरा तुम्ही ओढूनताणून घालाल, पण दुसऱ्याच्या मापाची धमनी घालाल का?

डॉक्टरांच्या टेबलावर ती नळी पारदर्शक पाकिटात पडली होती. पांढरं कापड, त्याला तारेची जाळी, आणि मूत्रपिंडांकडे नि आतड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांसाठी ठेवलेली चार छिद्रं. माझ्या मामाच्या पोटातली फुगलेली महाधमनी आतून सावरण्यासाठी, त्याच्या स्कॅनवरून, इथल्याच कारखान्यात बायांनी ती हातानं शिवली होती. परदेशातून यायला कित्येक महिने गेले असते. ही तीन आठवड्यांत आली.

मामा शिंपी, साठी ओलांडलेला, तोंडात कायम विडी. स्कॅन झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "माप तर घेतलंत, ट्रायलला कधी येऊ?"

"ट्रायल नाही काका, एकदम फिटिंग," डॉक्टर हसले होते.

नळी येण्याच्या दोन दिवस आधी धमनी फुटली आणि मामा गेला. आता ती कुणालाच बसणार नाही.

शिवणाऱ्यांनी उशीर केला नाही, आम्ही केला. पोटात ठोके पडतात, असं तो वर्षभर सांगत होता आणि आम्ही त्याला गॅसची गोळी देत होतो. तुमच्या घरात साठी ओलांडलेला, विडी ओढणारा कुणी असेल, तर त्याच्या पोटाची सोनोग्राफी याच आठवड्यात करून घ्या.