तिच्या प्लेटमधले पोहे

मंगळवार होता. सकाळी मी दोन्ही सायकली फाटकाबाहेर काढल्या आणि बायकोला हाक मारली. ती आली नाही. मी आत गेलो. ती पलंगावर होती. मी तिच्या खांद्याला हात लावला. डॉक्टर आले आणि म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. दुपारी आम्ही तिला घाटावर नेलं. संध्याकाळी परतलो तेव्हा सायकली फाटकाबाहेरच होत्या. मी त्या आत घेतल्या, आधी तिची, मग माझी.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी बंगळुरूहून आली होती. काटोलहून बायकोची थोरली बहीण आली होती. त्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो. त्यांच्या माहेरी एक पद्धत आहे. तेरवीला गोडाचा घास घेण्याआधी जवळच्या माणसाने गेलेल्याच्या नावाने खाण्यातली एक वस्तू सोडायची, ती कायमची. वडील गेले तेव्हा ताईंनी आमरस सोडला होता. त्यांच्या भावांपैकी एकाने कारलं सोडलं आणि दुसऱ्याने दोडका. हे सांगताना ताई नेहमी पुढे जोडत, "माहे भाऊ मोठे त्यागी." त्या दिवशी मात्र त्यांनी ते जोडलं नाही. पान वाढलेलं होतं आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, तर्री-पोहे.

मी विचार केलेला नव्हता. मनात आला तो तलावाजवळचा बाक, आणि त्यावर ठेवलेल्या दोन प्लेट.

आमचं सायकल चालवणं उशिरा सुरू झालं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. त्याआधी माझ्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच सुमारास तिला साखर निघाली. डॉक्टर दोघांचे एकच. तिला ते म्हणाले, वजन उतरवा. मला म्हणाले, व्यायाम हवाच, पण साठ किलोच्या खाली जाऊ नका, तुमच्या अंगात शिल्लक अशी काही नाही. उपाय त्यांनी दोघांना एकच सांगितला. ती शाळेत गणित शिकवायची. परत येताना ऑटोत म्हणाली, "गणित एक अन् उत्तरं दोन पाहिजेत याहीले. पाहू."

मनीषनगरातून उजाडता निघायचं, रूळ ओलांडून वर्धा रोडला लागायचं आणि खामल्याच्या बाजूने अंबाझरीपर्यंत जायचं, असा आमचा रस्ता ठरला. ती पुढे असायची आणि मी मागे. ती पुढे असली की वेग तिचा राहतो, नाहीतर मी वाचत वाचत चालल्यासारखा कुठेही रेंगाळतो, असं तिचं म्हणणं. तिच्या सायकलला पुढे टोपली होती. येताना तीत कधी मेथी असायची, कधी काहीच नसायचं.

तलावाच्या अलीकडे कडुनिंबाखाली पोह्यांचा ठेला आहे. आम्ही बाकावर बसलो की न सांगता दोन प्लेट यायच्या. पिवळे पोहे, त्यावर लाल तर्री, तर्रीत काळे चणे, वर कांदा आणि लिंबाची फोड. मग ती चमच्याने माझ्या प्लेटमधले चणे वेचून आपल्या प्लेटमध्ये घ्यायची आणि आपले पोहे माझ्याकडे सरकवायची. पहिल्यांदा मी नको म्हणालो होतो.

"घ्या जी," ती म्हणाली. "मले पोहे सोसत नाहीत आता. अन् चणे आवडतात मले."

मी घेतले. मग रोजच घेत गेलो. त्याकडे पुन्हा कधी लक्षही गेलं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला दळण टाकायला गेलो की चक्कीवरच्या पोती तोलायच्या काट्यावर आम्ही दोघंही उभं राहायचो. चक्कीवाला आमची वजनं पोत्यांच्या वजनासारखीच मोठ्याने सांगायचा. तिला म्हणायचा, मॅडम, या महिन्यात शेरभर उतरल्या. मला म्हणायचा, सर तर चाळलेलं पीठ, ना सांडत ना वाढत. तिचं वजन हळूहळू उतरत गेलं. माझं साठाच्या वर एक-दोन किलो असं जागेवर राहिलं. माझी प्रकृतीच तशी आहे, असं मी लोकांना सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

ती गेल्यावर महिनाभराने मी पुन्हा सायकल काढली. सकाळी घरात बसवत नव्हतं. रस्ता तोच ठेवला. ठेल्याजवळून जाताना पोहेवाल्याने पहिले काही दिवस हात वर केला. मी मान हलवून पुढे गेलो. नंतर मी दिसलो की तो कढईकडे पाहू लागला. मी देवाधर्मातला माणूस नाही. पण तिच्या नावाने चार माणसांत बोललेला तेवढा एकच शब्द माझ्याजवळ होता. तो पाळणं मला सोयीचंही होतं, हे लिहायला हवं. त्या बाकावर एकट्याने बसावं लागत नव्हतं.

घरी येऊन मी चहा घ्यायचो, सोबत दोन बिस्किटं. दुपारी खिचडी टाकायचो आणि तीच रात्री संपवायचो. भूक लागत नव्हती असं नाही. ती लागायची आणि वाट पाहून निघून जायची. उन्हाळ्यात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. चक्कीवाल्याने काटा पाहिला, फडक्याने पुसला आणि मला पुन्हा उभं केलं. चाळलेल्या पिठाची उपमा या वेळी आली नाही. पुढच्या महिन्यात वजन त्याने हळू आवाजात सांगितलं.

सवयीने मी त्या विषयावर वाचायला घेतलं. रोज सायकल चालवणाऱ्याने वजन कसं राखावं यावर बरंच लिहिलेलं आहे. सगळ्यांचं सांगणं शेवटी एकच होतं. जेवढं रस्त्यावर खर्च होतं तेवढं परत पोटात गेलं पाहिजे, आणि सायकलवरून उतरल्यावर फार वेळ न घालवता गेलं पाहिजे. ते पटत होतं. पटलं की मी पुस्तक मिटायचो आणि चहा ठेवायचो. मुलीला फोनवर माझा चेहरा दिसायचा. तिने ताकद येण्याची भुकटी डबा भरून पाठवली. वास व्हॅनिलाचा होता आणि चव खडूची. अर्धा डबा संपवला. वजन हललं नाही.

पाऊस संपत आला तेव्हा डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. मी साठाच्या बराच खाली होतो. ते म्हणाले, आणखी एक महिना देतो, वजन वर आलं नाही तर सायकल बंद, घरातल्या घरात चाला. मी बरं म्हणालो आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. वजनाचं मला तितकं वाटलं नव्हतं. त्या रस्त्यावर मी अजून मागे राहिल्यासारखाच चालवायचो, पुढे एका सायकलपुरती जागा सोडून. तेवढा वेळ ती पुढे आहे असं धरून चालता यायचं. घरात चालताना तसं धरता आलं नसतं.

त्याच आठवड्यात ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आल्या आणि माझ्याकडे उतरल्या. ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा लावून त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायच्या आणि मी काय करतो ते पाहायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, मले एकच डोळा हाय हे खरं, पण तुम्ही अर्धेच काहून दिसून राहिले?"

मी ते हसण्यावारी नेलं. मग बिस्किटांचा पुडा, खडूच्या चवीचा डबा आणि पट्ट्याची भोकं एकामागून एक त्यांच्या नजरेला पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून आलो आणि चहा ठेवला, तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि विचारलं, आधी काय खात होते. मी सांगितलं. तलाव, बाक, दोन प्लेट, तिने चणे घ्यायचे, मी पोहे घ्यायचे. डॉक्टरांनी दिलेला महिनाही सांगितला. आणि पोहे तर मी सोडलेले आहेत, हे सांगितलं.

ताईंनी विचारलं, "चणे ती खात होती?"

"आवडायचे तिला."

"तिले?" त्यांनी चष्मा काढला, मग डॉक्टरांनी काढू नका सांगितल्याचं आठवून परत लावला. "लहानपणी पोह्यासाठी भांडायची ती माह्यासंग. चणे एकेक वेचून माह्या ताटात टाके, अन् माहे पोहे ओढून घे. आई म्हणे, चण्याच्या डब्याले हात लावत नाही पोरगी, सासरी काय करीन."

मी उभाच होतो. गॅसवरचा चहा न उकळता थंड होत होता.

"साखर होती तिला," मी म्हणालो. "पोहे चालत नव्हते."

"दोन चमचे चालले असते नं जी." त्या अगदी सावकाश बोलत होत्या. "पोहे तर तिनंच सोडले होते, जिवंतपणी, तुमच्यासाठी. तिनं सोडलेलं तुम्ही अजून काय सोडता?"

ताईंनी पुढे ताणलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की पद्धत पद्धतीच्या जागी ठेवू, सोडायचंच तर दुसरं काही सोडा, चहा सोडा. मी म्हणालो, चहा नाही. त्यावर त्या हसल्या. शेवटी जेवणानंतरचं विड्याचं पान ठरलं. ते मला खरंच आवडतं का, की कारल्यासारखं आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग देवापुढच्या तांब्यातलं पाणी माझ्या हातावर घातलं आणि म्हणाल्या, झालं.

मला लगेच ठेल्यावर थांबता आलं नाही. दोन दिवस मी तसाच पुढे गेलो आणि घरी येऊन ताईंनी केलेला उपमा खाल्ला. तिसऱ्या दिवशी उतरलो. सायकल कडुनिंबाला टेकवली आणि बाकावर, माझ्या बाजूला बसलो. पोहेवाला म्हणाला, लई दिवसांनी, सर. शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्याने एकदा पाहिलं. मी म्हणालो, मॅडम गेल्या. तो म्हणाला, समजलं होतं. मग त्याने विचारलं, किती लावू. मी एक म्हणालो.

ती प्लेट लवकर संपली. मी प्लेटच्या काठाकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं ती कधी एवढ्यावर संपलेली नव्हती. मी आणखी एक मागितली.

महिना संपल्यावर डॉक्टरांच्या काट्यावर किलोभर वाढ दिसली. ते म्हणाले, चालू ठेवा, पण पुढच्या महिन्यात दाखवा. साठावर यायला दिवाळी उलटून गेली. चक्कीवाल्याने तो आकडा जुन्या आवाजात, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा सांगितला. ताई काटोलहून फोनवर वजन विचारतात, आणि त्यानंतर पान खाल्लं का ते विचारतात.

तिची सायकल मी विकली नाही. ती जिन्याखाली आहे, टोपलीसकट. चाकांत अधूनमधून हवा भरतो. माझी रोज निघते. पोहेवाला आता सांगण्याआधीच दोन प्लेट आणून ठेवतो. पहिलीतले चणे मी खातो. दोन्हींतले पोहे मी संपवतो. दुसरीतले चणे उरतात.