प्रवाळ मिटलं तेव्हा

सासूबाई गेल्या आणि महिन्याभरात सासरे गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. हुपरीच्या पलीकडे त्यांचं गाव. सगळा जन्म शेतात नि गोठ्यात गेलेला माणूस, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय करणार? पहाटे उठायचे, चहा घ्यायचे आणि हॉलमधल्या माझ्या काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे.

टाकी खाऱ्या पाण्याची. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर मी हा नाद लावून घेतला होता. त्यात दोन नारिंगी मासे, थोड्या गोगलगायी आणि दोन प्रवाळं होती. मोठं प्रवाळ माझं फार लाडकं. दगडाला चिकटलेला हिरव्या, मऊ बोटांचा झुपका पाण्याबरोबर डुलत राहायचा.

"मामा, हे पोवळं," मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"आँ? अंगठीतलं पोवळं असं असतंय व्हय?" एवढंच ते बोलले. आमचं बोलणं तेव्हा बेताचंच होतं. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये असायच्या, त्यांच्या तोंडूनच निरोप जायचे.

श्रावणात मोठ्या प्रवाळाची बोटं आखडायला लागली. आधी वाटलं, उजेड जास्त होतोय. दिवा वर घेतला. पाण्याचा झोत लागतोय म्हणून पंप फिरवून बघितला. खारटपणा मोजला, तो ठीक. उष्णता ठीक. पाणी बदललं की दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा मिटून बसायचं. धाकटं प्रवाळ तर कडेकडेनं पांढरं पडत चाललं होतं. मी बँकेतून येताना जिना चढतानाच मनात म्हणायची, आज तरी उघडलेलं असू दे.

नवरा म्हणाला, "अगं, समुद्र इथून किती लांब. नाहीच जगायचं ते कोल्हापुरात."

मला त्याचा राग आला.

मग एका संध्याकाळी गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या दिसल्या. मासे मात्र मजेत फिरत होते. टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून हे सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "मॅडम, तांबं बघा. माशांना थोडं चालतं, बाकीच्यांना सोसत नाही." त्याच्याकडून तपासणीचे थेंब आणले. टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन थेंब टाकले, तर त्याला निळसर छटा आली. तांबं होतं. पण येतंय कुठून? पंप उघडला, हीटर बघितला, काच पुसायचं चुंबकसुद्धा घासून पाहिलं. कुठं काही नाही. पावसाळी हवेत पाणी उडतच नाही, नवीन पाणी फारसं घालावं लागत नाही, म्हणजे बाहेरून काही येतंय असंही वाटेना.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, तर सासरे टाकीचं झाकण सरकवून तांब्याभर पाणी आत ओतत होते. सावकाश, धार काचेला लावून, माशांना धक्का लागू नये अशी.

"मामा, हे काय?"

"पानी खाली जातंय की रोज. म्हनून येक तांब्या घालतो. नळाचं न्हाय हां पोरी, आपल्या हंड्यातलं."

गावाहून येताना त्यांनी सासूबाईंचा तांब्याचा हंडा आणला होता. चिंच लावून ते स्वतः तो लखलखीत घासायचे, रात्री भरून ठेवायचे, सकाळी आम्हा सगळ्यांना त्यातलंच पाणी प्यायला लावायचे. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी ते टाकीला घालत होते.

नवऱ्यानं मला आत बोलावून सांगितलं, "त्यांना काही बोलू नकोस. हंडा गुपचूप उचलून ठेवू." पण मला ते पटेना. हंडा नाहीसा झाला तर त्यांना काय वाटेल? मी त्यांच्याशेजारी खुर्ची घेतली आणि सगळं सांगितलं. माणसाला ते पाणी चांगलं, पण या जिवांना त्यातलं तांबं बाधतं.

त्यांनी काचेला बोट लावून मोठं प्रवाळ दाखवलं.

"हे झाड न्हाय?"

"नाही मामा. जीव आहे. तोंड आहे त्याला, खातं ते."

"मंजी मी जित्राबाला ईख पाजलं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"रोज बघत हुतो की मी. मिटतंय ते दिसत हुतं. तहान लागली आसंल म्हनून परवा दोन तांबे घातले."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि टाकीच्या कामाला लागले. मीठ कालवून ठेवलेलं पाणी होतं, त्यानं निम्मी टाकी बदलली. तांबं शोषून घेणारी गादी आणून पंपापाशी बसवली. बादल्या उचलायला नवरा होता. सासरे लांब, दाराशी उभे होते. मग पुढे आले आणि भरलेली बादली उचलून बाथरूममध्ये रिकामी करून आले.

मोठं प्रवाळ मिटूनच राहिलं; धाकटं वाचलं नाही. त्याचा पांढरा सांगाडा मी काढायला गेले तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आजचा दिवस." मी राहू दिला.

त्यानंतर ते टाकीला हात लावेनात. "आरओचं पाणी या कॅनमध्ये आहे, काचेवरच्या या रेषेपर्यंत घालायचं," असं मी सांगून बघितलं. "नगं पोरी, तूच घाल," म्हणायचे. मात्र संध्याकाळी मी आले की दिवसभराची हकिकत मिळायची. मासा कुठं लपला, पंपाचा आवाज कधी बदलला. त्यातूनच कधी गोठ्यातल्या एखाद्या म्हशीची गोष्ट निघायची, कधी सासूबाईंची. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, पण त्या दोघांची भांडणंसुद्धा मला तेव्हाच कळली.

दिवाळीनंतर बँकेच्या प्रशिक्षणाला मला बाहेरगावी जावं लागलं. नवरा फिरतीवर. मी काही न सुचवता किल्ली आणि कॅन त्यांच्यापाशी ठेवून निघाले. तिसऱ्या दिवशी वर्गातच फोन वाजला. एरवी ते आपणहून कधी फोन करत नाहीत. मी घाबरून बाहेर आले.

"पोरी, घाबरू नगं. सगळं बरं हाय. पानी तुझ्या रेषेपतोर घातलंय." मग म्हणाले, "त्या मोठ्याची एका बाजूची बोटं बाहेर आल्याती. हलत्याती. दुसरी बाजू न्हाय अजून."

"दुसरी बाजू येईल किंवा नाही येणार, मामा."

"व्हय. पण खातंय का बघू का? काय घालायचं सांग की."

मी भिंतीला टेकून त्यांना सांगायला लागले.