शिवेवरची कोंबडी

खडकवस्तीचा आरोग्यसेवक राजाराम हा नको तितका सरळ माणूस. विहिरीत औषध टाकायचं म्हणजे टाकायचं, मग गाव शिव्या देवो नाहीतर जेवायला बोलावो. बायको गेल्यावर त्याने एकुलती लेक आम्रपाली वाढवली आणि ओढ्यापलीकडे वरच्या वाडीत दिली. माहेरी आई नाही म्हणून तिचं बाळंतपणही सासरीच झालं. नातवाचं बारसं तोंडावर आलं होतं, आणि राजाराम झबली घेण्यासाठी वाईच्या बाजाराला जायचं म्हणत होता.

अठ्ठ्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. तिकडे हाँगकाँगात कोंबड्यांचा ताप माणसांना लागून माणसं दगावली, सरकारने तिथल्या झाडून साऱ्या कोंबड्या मारल्या, हे रेडिओवर येऊन गेलं होतं. तालुक्याच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी बजावलं, की कुठे कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मेलेल्या पुरा, जिवंत पाखरू शिवेबाहेर जाऊ देऊ नका, आणि कुणाला ताप आला तर तोंडाला फडकं बांधून बघायला जा. बाकीच्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं. राजारामने मनावर घेतलं. स्वभावच तसा, करणार काय?

आणि खडकवस्तीत खरोखरच कोंबड्या मरू लागल्या. आधी ओढ्याकाठच्या बनुबाईच्या खुराड्यात, मग घरोघर. मान वाकडी करून पाखरू गोल गोल फिरायचं आणि पडायचं. पहाट व्हायची, पण एकही कोंबडा आरवायचा नाही. माणसं अंथरुणात जागी पडून राहायची, आणि उठायची वेळ झाली की नाही हे कुणालाच कळायचं नाही.

गावाने ठरवलं, मरीआईची पाटी शिवेपार करायची. वेळूच्या पाटीत दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या आणि बनुबाईकडे उरलेली एक जिवंत कोंबडी पायाला हिरवा दोरा बांधून ठेवायची, नि पाटी भर दुपारी शेजारच्या गावच्या हद्दीत सोडून यायची. नेणाऱ्याने बोलायचं नाही, वळून पाहायचं नाही. पूर्वी हे काम राजारामच्याच घराकडे होतं. छप्पन साली त्याच्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली आणि पुन्हा पाटीला हात लावला नाही. यंदा ती न्यायला फौजेतून परतलेले नाथाजी सुभेदार तयार झाले.

राजाराम त्यांच्या दारात गेला. "सुभेदार, जिती कोंबडी शिवंपल्याड न्हेऊ नका. रोग तिच्यावर बसून जाईल."

"आरं, आमी तेच म्हणतोय की," नाथाजी शांतपणे म्हणाले. "तिच्यावर बसतो, म्हणूनच तर धाडायची."

"आन वरच्या वाडीनं काय करायचं? माझी बाळंतीण लेक हाय तिथं."

"त्यांनी फुडं धाडायची. तुझा आजा हेच करत हुता."

राजाराम घराकडे वळला. आज्याने पाटी नेली होती, तेव्हा गाव वाचलं होतं आणि आजा वाचला नव्हता.

मंगळवारी दुपारी सारी दारं लागली. कुत्रीसुद्धा गप्प होती. राजाराम कुदळ, चुना नि राख घेऊन ओढ्याकाठी शिवेच्या दगडापाशी उभा राहिला. पाटी घेऊन येणारे नाथाजी त्याला पाहून थबकले. बोलायची सोय नव्हती. पाटी वाटेत ज्याने हातात घेतली त्याच्या मागे मरीआई लागते आणि गाव त्याला परत घेत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. राजारामने वडिलांची मनातल्या मनात माफी मागितली आणि हात पुढे केले. नाथाजी पाटी त्याच्या हाती देऊन, मान खाली घालून आडवाटेने निघून गेले.

कोंबडी धडधाकट होती. इतकी पाखरं मेली आणि हिला काही झालं नव्हतं. एकटक बघत होती. फडक्यात हात गुंडाळून त्याने तिची मान पिरगाळली, खड्डा खणला, चुना पसरला. तिला आत ठेवताना पायाला बांधलेला नवा हिरवा दोरा सरकला. त्याखाली आणखी एक दोरा होता, विटलेला, मातकट.

ही कोंबडी आधी एकदा कुणीतरी धाडलेली होती. बनुबाईला ती ओढ्याकाठी फिरताना सापडली असणार. आणि ओढ्यापलीकडे एकच गाव होतं.

राजारामने घाईने खड्डा बुजवला. त्याने वरच्या वाडीकडे कान लावला. तिकडून कोंबडीचा साधा आवाजही येत नव्हता.

इतक्यात पलीकडच्या उतारावरून त्याचा जावई राजरत्न खाली आला.

"तिथंच थांबा," राजाराम ओरडला. "तुमच्या कोंबड्या?"

"मागंच मेल्या समद्या, मामा. गावानं पाटी तुमच्या शिवंत ठेवली. आमाला कुनी इचारलं न्हाई."

"आन आम्रपाली?"

"त्येच सांगाया निघालोय. कालपास्नं लय ताप हाय. छाती घरघरतीया."

"बाळ कुठं हाय?"

"तिच्याच कुशीत."

राजारामने शिवेच्या दगडाकडे पाहिलं. आपण शीव राखतोय या भरवशावर तो इतके दिवस झोपला होता. मग त्याने राख घेऊन हात चोळून धुतले.

"तुमी आसंच वाईला जावा. डॉक्टरसायबास्नी गाडी घेऊन बोलवा. मी वर जातो."

त्याने तोंडाला दुसरं फडकं बांधलं आणि ओढ्यात पाय घातला. मागे खडकवस्तीत पाटी गेल्यावर उघडलेलं एकेक दार त्याला पाहून पुन्हा लागत होतं. राजारामने वळून पाहिलं नाही.