एमरीच्या चाकावरचा नारळ

आवाज आला तेव्हा मी बॉयलरपाशी होतो. तोफ डागावी तसा एकच आवाज, आणि मागोमाग पत्र्याच्या छपराला काहीतरी धाडकन लागलं. इंजिन ड्रायव्हरने कुणाला न विचारता वाफ बंद केली. मी वर्कशॉपकडे धावलो.

जळगावच्या एका जिनात मी फोरमन होतो. जीन म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. तिथल्या यंत्रांना लांब पोलादी सुरे असतात. ते बोथट झाले की एमरीच्या चाकावर धार लावायची. हे चाक म्हणजे भाजून घट्ट केलेला दगडच. शाफ्टवरून पट्टा चढवला की ते इतकं भणाणतं, की फिरतंय हे डोळ्यांना कळतही नाही. म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही, आणि माझा राग आहे तो तेवढ्यावरच.

धार लावायचं काम सुकदेवनानांकडे होतं. नरडाण्याकडचे, वयाने माझ्याहून मोठे, हट्टी आणि देवभोळे. पट्टा चढवल्यावर लगेच चाकासमोर बसायचं नाही, बाजूला उभं राहून ते थोडा वेळ रिकामं फिरू द्यायचं, असा माझा नियम होता. चाकात दोष असला तर ते बहुधा सुरुवातीलाच फुटतं. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, हा नानांचा प्रश्न. मी वैतागून म्हटलं, तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत. हा नियम मात्र त्यांना ताबडतोब पटला. फोरमन तंबाखूला सुट्टी देतो म्हणून सगळं खातं मला हसायचं.

मी दारात पोचलो तर नाना बाजूच्या भिंतीला चिकटून उभे. तळहातावर तंबाखू तशीच. त्यांच्या स्टुलामागची भिंत बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर फुटली होती. छपराला भोक पडलं होतं. चाक जागेवर नव्हतंच.

मी तुकडे उचलायला वाकलो. एका तुकड्याची फुटलेली कड लाल होती. मला रक्त वाटलं. नानांना मी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, पण साधा ओरखडाही नव्हता. मग लाल रंग बोटाने चोळून पाहिला. ते कुंकू होतं.

आदल्या दिवशी दसरा. यंत्रांची पूजा झालेली, तेव्हा चाकाला वरून कुंकू असणारच. पण हे फुटीच्या आत कसं गेलं? एकच अर्थ निघत होता. चाक आज फुटलं, पण तडकलं होतं कालच, आणि त्या चिरेतून नारळाच्या पाण्याबरोबर कुंकू आत उतरलं होतं. मी नानांना विचारलं, काल नारळ कशावर फोडला? दरवर्षी तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फुटायचा. काल त्या वेळी मी बॉयलरच्या कामात अडकलो होतो.

“मीच फोडा भाऊ, चाकवर. नवं चाक शे, त्याले मान नको?” मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. “देवना नारळ शे तो. त्यानं चाक कसं फुटी?”

ज्या माणसाने इतक्या प्रेमाने नारळ फोडला, त्याच्याच छातीचा नेम धरला गेला होता.

दुपारच्या गाडीने आमचे मालक, शेठजी, धुळ्याहून परतले. तिथेही त्यांचं एक जीन होतं, आणि इथली पूजा आटोपून ते संध्याकाळच्या पूजेला तिकडे गेले होते. भिंत पाहून ते हादरले. अपशकुन झाला, शांती करून घेऊ, म्हणू लागले. मग जरा सावरून म्हणाले, “नानांची पद्धत मला फार आवडली होती. म्हणून मी तिकडेही नारळ चाकावरच फोडला.”

धुळ्याचं इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचं होतं, आणि तिथे तंबाखूचा नियम नव्हता. पट्टा चढवला की मिस्त्री थेट चाकासमोर बसायचे. मी शेठजींना शांतीचं नंतर बघू म्हटलं, एमरीचं चाक चालवू नका अशी तार ठोकली आणि मिळेल ती गाडी पकडली. चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत एकच विचार डोक्यात होता, तार वेळेवर पोचली नाही तर?

तार पोचली होती. धुळ्याचे मिस्त्री, त्यांना सगळे आबा म्हणत, माझ्यावर वैतागून बसले होते. चाकाला केसाएवढीही चीर दिसत नव्हती, आणि काम खोळंबलं होतं.

मी चाक उतरवलं, मधल्या भोकात सळई घालून लटकवलं आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच वाजवून पाहिलं. चांगलं चाक खणखणतं. हे थप्प वाजलं. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तेवढीच ही परीक्षा. मी दांडा आबांच्या हातात दिला. त्यांनी एकदा वाजवलं. पुन्हा वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

मग मी चाकावर घण घातला. दोन तुकडे झाले. आतली कड लाल.

आबांनी तो तुकडा हातात घेऊन लाल कड बोटाने चोळून पाहिली. नंतर उठून त्यांनी चाकाच्या जागेसमोरचं आपलं स्टूल उचललं आणि भिंतीकडेला नेऊन ठेवलं.

पुढच्या दसऱ्याला सुकदेवनाना नारळ घेऊन उंबऱ्याबाहेरच्या दगडापाशी सकाळपासून पहारा देत उभे होते. शेठजींनाही त्यांनी आत नारळ नेऊ दिला नाही.

यंत्राला कुंकू लावा, फूल वाहा, हात जोडा. नारळ दगडावर फोडा. आणि पट्टा चढवल्यावर बाजूला उभं राहून तंबाखू मळा. खात नसाल, तर नुसतेच हात चोळा.