धोतऱ्याचं औषध आणि भावाचा दुपट्टा

नागपुरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शाळेमागे धोतरा माजायचा. मुलांना त्याची काटेरी बोंडं लांबूनच दाखवायची आणि बजावायची, ओळखून ठेवा, हात लावू नका. मग वर्गात येऊन फळ्यावर 'ॲट्रोपीन' लिहायची. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांपासून मिळणारं, डोळ्याची बाहुली मोठी करणारं औषध. दोन मार्कांचा प्रश्न. एवढ्यावर माझं ज्ञान संपायचं, पण तोरा मात्र डॉक्टरीणबाईचा होता.

माझा मोठा भाऊ रामटेकजवळ धानाची शेती करतो. फवारणीच्या दिवसांत मी त्याला फोनवर रोज डोस पाजायची. तोंड उघडं ठेवून फवारू नको, काही नाही तर दुपट्टा तरी बांध. दुपट्ट्याशिवाय तो तसाही कधी नसतो. माझ्या मुलीच्या लग्नात मामाचा मान म्हणून मी दिलेला पांढरा दुपट्टा त्याने कधी डोक्याला, कधी गळ्यात असा पार जुना करून टाकला होता. बहिणीचं ऐकून त्याने तो नाकातोंडावर बांधला. दिवसभर कीटकनाशकाचे तुषार उडत राहिले, कापड भिजत राहिलं आणि तो त्यातूनच श्वास घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला की त्याला नागपूरला आणलंय. मी जरीपटक्यातल्या माझ्या घरून ऑटोने दवाखान्यात पोचले, तेव्हा तो घामाने निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. सिस्टरने त्याचे कपडे काढले, साबणपाण्याने अंग धुतलं आणि दुपट्ट्यासकट सगळं एका पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. हे बाहेर ठेवा, यातलं काहीही त्याच्याजवळ येऊ देऊ नका, असं तिने दोनदा सांगितलं.

मग ॲट्रोपीन सुरू झालं. इंजेक्शन द्यायचं, थोडं थांबायचं, नाडी बघायची, छाती ऐकायची, पुन्हा द्यायचं. दुपारपर्यंत घाम आटला, छाती मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, विषाने जे सुरू केलंय ते हे औषध थोपवतं, पण कमी पडलं तर माणूस जातो आणि जास्त झालं तर भ्रमात जातो. म्हणून आमचे डोळे त्याच्यावर आणि तुमचे आमच्यावर असू द्या.

संध्याकाळी भाऊ भ्रमात गेलाच. तोंड कोरडं, चेहरा लाल, हवेतून काही तरी खुडत होता. वहिनी घाबरली. "याले बाहेरचं लागलं वं," ती मला म्हणाली, "ते औषध बंद करा म्हणा त्याहीले." मी तिला जरा जोरातच गप्प केलं. हा औषधाचा परिणाम आहे, डॉक्टर मात्रा कमी करताहेत, असं समजावलं. शिक्षकी बाणा. पण भाऊ सारखा डोकं चाचपत होता, दुपट्टा शोधत होता. ते मात्र मला बघवेना. मी बाहेर जाऊन पिशवी उघडली, तो दुपट्टा काढला, घडी केली आणि त्याच्या डोक्याखाली सरकवला. त्याने गाल त्यावर टेकवला आणि शांत झाला. सिस्टरचे शब्द मला आठवले नाहीत असं नाही. कापड तर सुकलंय, त्याने काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सकाळी घाम परत आला, घरघर परत आली. औषधाची मात्रा पुन्हा वाढवली. डॉक्टरांना कोडं पडलं, काल सुधारलेला माणूस आज का घसरतोय. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून देवाला हात जोडत होते आणि गुन्हेगार त्याच्या गालाखाली होता.

चादर बदलायला आलेल्या सिस्टरला वास आला. तिने दुपट्टा ओढून काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहराच सगळं बोलला असणार. भावाची मान-गाल परत धुताना ती हळूच म्हणाली, "ताई, सुकलं तरी विष कापडात राहते." बस, एवढंच. डॉक्टरांना तिने एक कपडा राहून गेला होता असं सांगितलं. कुणामुळे, ते सांगितलं नाही. त्या दुपारपासून मात्रा उतरत गेली आणि काही दिवसांनी भाऊ आपल्या पायांनी घरी गेला.

त्या सिस्टरचे उपकार मी कुठे ठेवू? डॉक्टरांचे, आणि ज्याला आयुष्यभर नुसतं विष म्हणून दाखवलं त्या झाडाच्या कुळाचेही. मात्र शेजारच्या आजोबांनी दम्यावर धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायचं काढलं, तेव्हा मी त्यांच्याशी कडाडून भांडले. झाडात विष किती आहे ते पान सांगत नाही. दवाखान्यात प्रत्येक इंजेक्शनमागे नाडीवर बोट होतं.

गुन्हा मात्र मनात सलत होता. धान कापून झाल्यावर मी नवा दुपट्टा घेऊन गावी गेले आणि भावाला सगळं सांगून टाकलं. तुझ्या डोक्याखाली विष मीच ठेवलं होतं, म्हटलं. त्याने नव्या दुपट्ट्याची घडी मोडली आणि तो डोक्याला बांधला.

"काहून रडून राहिली वं?" तो म्हणाला. "त्या दिवसांतलं मले काहीच नाही आठवत. डोक्याखाली काही तरी आपल्या घरचं होतं, तेवढंच आठवते."