एकट्याचा होकार

कामठ्याच्या तिलक बिसेनला देवाआधी तारीख आठवायची. गोंदियात आमचं वेबसाइट बनवण्याचं छोटंसं ऑफिस आहे. चित्रं आणि मजकूर मी जुळवायचो, आणि काम वेळेत निघावं म्हणून तिलक सगळ्यांच्या मागे लागायचा. गिऱ्हाइकं त्याचा फोन उचलायला कंटाळायची. खरं सांगतो, माझी सहानुभूती गिऱ्हाइकांनाच असायची.

नागझिरा अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका गावातल्या गाईड मंडळींची जुनी साइट आम्ही नव्याने करत होतो. पावसाळ्यानंतर जंगल उघडण्याआधी ती सुरू झाली नाही, तर बुकिंग दुसऱ्यांकडे जाणार होतं. सगळं तयार होतं, फक्त त्यांचा होकार राहिला होता. तिथे होकार सगळ्यांनी एकत्र बसून द्यायचा असतो. कोणी धानाच्या निंदणात, कोणी सासुरवाडीला, बैठक काही जमेना.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिलक सरळ दुधराम मडावींच्या घरी गेला. ते सगळ्यांत जुने गाईड, गाव त्यांना मानायचं.

"काका, तुमीच हो म्हणून द्या ना," तिलक म्हणाला. "बैठकीची वाट पाहून राहिलो तर सीझन निघून जाते."

"आमच्यात एकट्याचा हो नसते, बाबू."

पण तिलक उठेचना. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून शेवटी म्हाताऱ्याने मान हलवली. तिलकने अंगणातच त्यांचा फोटो काढला. बाकीच्यांचे फोटो नव्हतेच, म्हणून पहिल्या पानावर तोच एकटा लागला.

साइट वेळेवर सुरू झाली. तिलकने ऑफिसात आलूबोंडे आणले, मीही खाल्ले.

गावाने ती मोबाइलवर पाहिली. भांडण कोणीच केलं नाही. फक्त पुढची बैठक बसली, तेव्हा दुधरामकाकांना निरोप गेला नाही. बुकिंगचे फोन यायला लागले, तेही कोणी घेईना.

तिलकचा चेहरा उतरला. तो गावात गेला, सगळ्यांसमोर हात जोडले, मीच काकांना भाग पाडलं म्हणाला. मंडळींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की मागणारा परका होता, हो म्हणणारा आपला होता. परत येऊन तिलकने ऐन सीझनमध्ये स्वतःच्या हाताने साइट बंद केली. मला त्या दिवशी त्याची फार कीव आली.

दिवाळीनंतर सगळ्यांच्या होकाराने साइट पुन्हा लागली. पहिल्या पानावर मोहाच्या झाडाखाली सगळे गाईड ओळीने उभे होते. दुधरामकाका त्यांत नव्हते.

तिलकने त्यांना फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो, ऐकू येत होतं.

"काका, फोटोले काऊन नाही आले?"

"मले आता कोणी बोलावत नाही, बाबू." मग त्याच मायेच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुझा काम टायमावर झाला ना तवा?"