टीव्हीखालचा डबा आणि अक्का

"हे कोणाशी बोलते आहे?"

कुठल्याही यंत्रावर दिवा लुकलुकताना दिसला की तळमजल्यावरच्या अक्का हे विचारायच्या. तुमच्याही इमारतीत असं कुणी असेल, तर माझ्या बोलण्याचा रोख तुम्हाला कळेल.

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत त्यांना तमिळ शेजारी अक्का म्हणत आणि आम्हीही. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि ब्रॉडबँडच्या तक्रारी सोडवता सोडवता निवृत्त झाल्या. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि शब्द जुन्या पत्रांतले. मी नाशिकचा. पहिल्या भेटीत त्या "सेरी, बसा" म्हणाल्या, म्हणजे बरं, बसा. मला दोन्ही शब्द कळले, याचाच त्यांना आनंद झाला.

तेव्हा आमची मीरा पाच महिन्यांची होती. माझी बायको अनुजा घरूनच ऑफिसचं काम करायची. मीरा मोबाइलवर दिसावी म्हणून तिने पाळण्यावर छोटा कॅमेरा लावला होता. एके दिवशी सकाळी इंटरनेट कंपनीचा मेल आला. तुमच्या घरातून दुसऱ्यांच्या यंत्रणांवर हल्ले होत आहेत, एखादं उपकरण बॉटनेटमध्ये सापडलं असावं, दोन दिवसांत बंदोबस्त करा. नाहीतर इंटरनेट बंद.

लॅपटॉप तपासले, ते स्वच्छ निघाले. मग माझी नजर कॅमेऱ्यावर गेली आणि मी अनुजाला बोलू नये ते बोललो. तिने कॅमेरा काढला आणि मीराला घेऊन आत गेली. इतके दिवस कुणी परका आपल्या बाळाला बघत असेल, या विचाराने तिला रडू आवरेना. मी खाली जाऊन अक्कांचं दार वाजवलं.

गुडघ्यावर हात ठेवत त्या दोन जिने चढून आल्या. बॉटनेट म्हणजे नेमकं काय, मी विचारलं. त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमधली गोष्ट सांगितली. सगळ्या गावाने एकदम एकाच नंबरावर फोन लावला की तो कुणालाच लागत नाही. बॉटनेटवाला तेच घडवून आणतो, फक्त फोन लावणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. हजारो घरांतली यंत्रं तो गुपचूप ताब्यात घेतो आणि हुकूम दिला की सगळी मिळून एकाच ठिकाणावर तुटून पडतात.

त्यांनी माझ्याकडून लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून घेतलं आणि कॅमेरा पुन्हा लावायला सांगितला. अनुजा मीराला घेऊन दारात येऊन उभी राहिली. एकेक यंत्र चालू करून ते बाहेर किती पाठवतं याचे आकडे अक्का बघत होत्या. फोन शांत. कॅमेराही शांत. मग त्यांनी टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे बोट केलं. टीव्ही बंद होता, तरी तो डबा अनोळखी पत्त्यांवर सारखं काहीतरी पाठवत होता.

तो मी आणला होता. आई नाशिकहून येणार, तिला मराठी मालिका बघता याव्यात म्हणून. इंटरनेटवरून चालणारा, बिननावाचा, स्वस्त.

"या डब्यास डोळा नाही, कान नाही," अक्का अनुजाला म्हणाल्या. "कॅमेऱ्याने काही केले नाही. लेकरास कोणी पाहिले असे मला कोठे दिसत नाही."

अनुजाने मीराचा पापा घेतला. मी तिची माफी मागितली. तिने हसून मीराला माझ्याकडे दिलं.

असे डबे कधीकधी कारखान्यातूनच बाधा घेऊन येतात, पुसूनही साफ होत नाहीत, असं सांगून अक्कांनी तो काढायलाच लावला. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच होता. आधी अक्का मला रागावल्या, मग दोन्ही बदलवून घेतले, अपडेटही करून घेतले. तिसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीचा मेल आला, सगळं ठीक आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आई आली ती मालिकांवाचून दोन दिवस फुरंगटली. तिसऱ्या दिवसापासून दुपारी खाली अक्कांकडे जाऊ लागली. दोघी एकमेकींचं मराठी दुरुस्त करत कॉफी प्यायच्या.

गेल्या वर्षी अक्का लेकीकडे तिरुचीला राहायला गेल्या. यंदा आई आली, तेव्हा तळमजल्याचं दार बंद होतं. एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर आई त्या दारासमोरच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. फोनमधून अक्कांचं हसणं मला जिन्यापर्यंत ऐकू आलं. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेलो.